मी मऊ केलेला उजेड

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला माझ्याबद्दल काहीच कळणार नाही. तळहाताएवढा, कडा गोल केलेला, एके काळी दुधासारखा पांढरा आणि आता पिवळट पडलेला असा मी प्लॅस्टिकचा एक जुना तुकडा आहे. रस्त्यात पडलेला दिसलो तर तुम्ही मला पायाने बाजूला साराल. पण माझ्यामुळे निघालेल्या एका फोटोला जळगावच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं. लोक त्या फोटोसमोर थांबत आणि म्हणत, "काय उजेड आहे!" तो उजेड माझ्यातून आलेला होता.

त्या बक्षिसाची मला लाज वाटते. ती का वाटते, तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं तेव्हापासून मी पाच लिटरच्या एका पांढऱ्या कॅनचा भाग होतो. त्या कॅनमधून जळगावच्या एका कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शुद्ध पाणी येत असे. पाणी संपलं, तळाला चीर गेली, आणि मी कपाटामागे जाऊन पडलो. तिथून मला उचललं ते गिरधर सपकाळे यांनी.

गिरधर हे त्या प्रयोगशाळेचे परिचर होते. काचेची भांडी धुणं, टेबलं पुसणं, मुलांच्या परीक्षेआधी बेडूक आणणं ही त्यांची कामं. तेव्हा कॉलेजात बेडूक कापून शिकवत. पावसाळ्यात गिरधर पोतं घेऊन पाणथळ जागी जात, हाताएवढे बेडूक पकडून आणत, ते हौदात ठेवत आणि प्रयोगाच्या दिवशी एकेकाला औषध हुंगवून ट्रेमध्ये मांडत. औषध देण्याआधी तासभर बेडूक फ्रिजमध्ये ठेवला की तो शांत होतो, पाय झाडत नाही, ही युक्ती त्यांना तिथेच कळली होती. ही युक्ती लक्षात ठेवा, मित्रांनो. मी ती विसरू शकलेलो नाही.

घरी मात्र हे गृहस्थ वेगळे होते. घर बौद्धांचं. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन गिरधर आणि त्यांची पत्नी लिलाबाई बुद्धमूर्तीसमोर बसत आणि पंचशील म्हणत. मुलगी विशाखा घरी असली तर तीही बसे. दिवसभर मेलेले बेडूक पाहणाऱ्या या माणसाला जिवंत बेडूक बघायचं वेड लागलं होतं. बन्सीलाल नावाचे त्यांचे एक स्नेही होते, त्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्याकडचा एक वापरलेला कॅमेरा आणि एक फ्लॅश गिरधर यांनी मिळवला, आणि शनिवारची कॉलेजची वेळ संपली की ते पॅसेंजर गाडीने चाळीसगावकडे जाऊ लागले. तिथे गिरणेच्या पाटाजवळ एका गावात लिलाबाईंचं माहेर होतं. शेतातली विहीर, तिच्याजवळचा गुरांना पाणी पाजायचा हाळ आणि हाळातून सांडलेल्या पाण्याचं डबकं, एवढीच त्यांची दुनिया.

पण फोटो चांगले येईनात. बेडकाची पाठ ओली, आणि फ्लॅशचा उजेड चाबकासारखा. पाठीवर पांढरे चट्टे उठत, डोळ्यांत दोन सुया चमकत आणि बाकी सगळा काळोख.

"उजेडाला काहीतरी नेसवलं पाहिजे," गिरधर म्हणाले.

"माझं जुनं पातळ घ्या," लिलाबाई म्हणाल्या.

पातळाने उजेड पिवळा आला. मग त्यांना कपाटामागचा कॅन आठवला. करवतीच्या पात्याने त्यांनी मला कापलं. माझ्या कडांना धार होती, ती लिलाबाईंनी स्टोव्हवर तापवलेल्या उलथन्याने गोल केली. सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापून मला फ्लॅशच्या तोंडावर बसवलं. रात्री बेडूक कुठून आणणार? म्हणून लिलाबाईंनी भरताचं एक मोठं वांगं पाण्यात बुडवून ताटलीत ठेवलं. ओल्या वांग्याची साल बेडकाच्या पाठीसारखीच चकाकते. माझ्याविना एक फोटो, माझ्यासह एक. बन्सीलाल यांनी दोन्ही धुऊन आणले आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले.

"गिरधर," ते म्हणाले, "हे वांगं मंडईतलं. आणि हे... हे तर नवरदेव वाटतंय."

माझ्या आयुष्यातली ही पहिली स्तुती. वांग्याच्या अंगावर उजेड सायीसारखा पसरला होता. त्या दिवशी मला कळलं की मी कशासाठी आहे. उजेड तर फ्लॅशचाच होता. मी फक्त त्याच्यातला मार काढून घेत असे.

पुढची तीन वर्षं सुखाची गेली. १९८७ ते ८९. भर पावसात लिलाबाई एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बॅटरी धरून उभ्या राहत. गिरधर चिखलात पोटावर झोपत. फ्लॅश भरताना बारीक शिट्टी वाजे, मग मागे तांबडा दिवा लागे, आणि लिलाबाई हळूच म्हणत, "लागला." त्यांनी एक नियम केला होता. एका बेडकावर दोनदाच उजेड पाडायचा, मग त्याला सोडून पुढे जायचं.

लिलाबाईंच्या थोरल्या बहिणीला, मंदाबाईंना, हा सगळा खेळच वाटे. गुरांसाठी उठल्या की त्या विहिरीवर येऊन उभ्या राहत आणि आपल्या अहिराणीत चिडवत.

"गिरधर भाऊ, लोके रातले चोर धराले जातस, तुम्ही बेडूक धराले!"

"धरत नाही अक्का, नुसता बघतो."

"बठ्ठी दुनियाना जवाई पुरनपोळी खाले येतस. मना बहिनना दादला चिखल खाले येस!" असं म्हणून त्या मोठ्याने हसत आणि सगळे बेडूक एकदम गप्प होत. मग गिरधर हात जोडत. "अक्का, तुमच्या पाया पडतो, अर्धा तास हसू नका."

मोठ्या बेडकांचे फोटो निघाले. फुगवलेल्या गळ्याचे, हाळाच्या कडेला टांगलेले. पण गिरधर यांचा जीव अडकला होता तो सगळ्यात छोट्या बेडकात. माणसाच्या नखाएवढा, तपकिरी, पाठीवर गडद पानासारखी नक्षी. पाऊस पडून गेला की तो गवताच्या मुळाशी बसून इतका मोठा आवाज करी की बैल ओरडतोय असं वाटावं. दिसायचा मात्र क्षणभर. तांबडा दिवा लागेपर्यंत तो उडालेला असे. तीन पावसाळ्यांत त्याचा एक धड फोटो निघाला नाही.

कॉलेजात हे कळलं होतं. प्राध्यापकांच्या खोलीतून आवाज येई, "काय गिरधर, काढलेस का सासुरवाडीच्या मेव्हण्यांचे फोटो?" गिरधर हसत आणि चहाच्या बशा उचलत. मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत असे. ते हसणं बाहेरून कसं दिसे माहीत नाही. आतून पिशवीचा पट्टा घट्ट धरलेला असे.

१९९० च्या पावसाळ्यात बन्सीलाल बातमी घेऊन आले. जिल्ह्याचं छायाचित्र प्रदर्शन भरणार होतं. निसर्गाचा वेगळा विभाग होता. "तुझा तो नखाएवढा बेडूक पाठव," ते म्हणाले. "बाकी सगळे मोर आणि सूर्यास्त आणतील."

"तो बसत नाही हो बन्सीभाऊ."

"बसव की मग! फोटोला आलेलं लेकरू तरी कुठे बसतं? मी खुळखुळा वाजवतो. तू काहीतरी वाजव."

फोटो द्यायच्या मुदतीआधीचा शेवटचा शनिवार होता. चाळीसगाव स्टेशनाबाहेर सोडावाल्याकडून गिरधर यांनी बर्फ घेतला आणि रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरला. लिलाबाईंना वाटलं, सरबत करायचा विचार आहे.

शेतावर बेडूक सापडला. गिरधर यांनी त्याला फिल्मच्या काळ्या डबीत ओल्या शेवाळावर ठेवलं, झाकण लावलं आणि डबी बर्फात खोचली.

"हे काय करता?"

"कॉलेजात करतोच ना. थंड झाला की बसेल. दहा मिनिटं फक्त."

लिलाबाईंनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

गिरधर यांनी एक अळूचं पान दोन दगडांमध्ये टेकवलं, मला नीट बसवलं, अंतर मोजलं. तेवढ्यात वाऱ्यासकट मोठी सर आली. छत्री उलटी झाली. कॅमेरा वाचवायला दोघं विहिरीवरच्या मोटारीच्या खोपट्यात धावले. मी छातीशी धरलेला होतो. थर्मास पिशवीत होता. पाऊस पाऊण तास पडत राहिला. त्या पाऊण तासात गिरधर यांना डबी आठवली नाही असं नाही. दोनदा त्यांनी पिशवीकडे पाहिलं. पण बेडूक बाहेर काढला तर त्याला ऊब येईल आणि तो उडेल, म्हणून त्यांनी तो काढला नाही. हाताएवढा बेडूक तासभर तग धरतो. नखाएवढ्या जिवाचं गणित वेगळं असतं. ते त्यांना कळायला हवं होतं. वीस वर्षं बेडकांमध्ये काढलेल्या माणसालाच ही चूक करता आली. दुसऱ्या कुणाला ती युक्तीच ठाऊक नसती.

सर ओसरली. त्यांनी बेडकाला पानावर ठेवलं. तो बसला. काडीने त्यांनी त्याचा पुढचा पाय सरळ केला, मग हनुवटी किंचित उचलली. एकदा, दोनदा, अकरा वेळा उजेड पडला. तो नियम त्या रात्री कुणालाच आठवला नाही.

"जीव आहे ना त्याच्यात?" लिलाबाईंनी विचारलं.

"थंड पडलाय. ऊब आली की उडेल."

मित्रांनो, मी तेव्हा फ्लॅशच्या तोंडावर होतो. त्या बेडकाच्या इतक्या जवळ दुसरं कुणीच नव्हतं. माणसाच्या डोळ्यातला जिवंतपणा फोटोत कसा दिसतो माहीत आहे? बाहुलीवर पडलेल्या उजेडाच्या एका लहान ठिपक्याने. फ्लॅश उघडा असता तर त्या डोळ्यात टोचणारी सुई दिसली असती आणि पाहणाऱ्याला संशय आला असता. मी तिथे मऊ, गोल, ओलसर ठिपका ठेवला. आत कुणी नव्हतं आणि मी खिडकीत दिवा लावला. माझं काम मी इतकं चांगलं कधीच केलं नव्हतं.

त्यानंतर लिलाबाईंनी बेडकाला तळहातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताची ओंजळ वर धरून त्याला ऊब दिली. दोघं हाळाच्या कडेवर बसून राहिली. चहूकडे त्याच जातीचे शेकडो बेडूक ओरडत होते. उजाडायला लागलं तेव्हा लिलाबाई म्हणाल्या, "चला आता." हाळाच्या कडेच्या चिखलात त्यांनी बोटाने एक खळगा केला. मंदाबाई भाकरी घेऊन आल्या तेव्हा त्यांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंचशील म्हणताना गिरधर पहिल्या शीलाला थांबले. कोणत्याही जिवाची हत्या करणार नाही, असं ते शील. लिलाबाईंचा एकटीचा आवाज पुढे गेला. दुसऱ्या शीलापासून गिरधर यांनी सूर धरला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी लिलाबाईंनी विचारलं, "कॉलेजात इतके मरतात, तेव्हा म्हणत होतात ना?"

"ती नोकरी," गिरधर म्हणाले. "तिथे माझा हात होता, हौस नव्हती. इथे हौस होती."

असं जर वाटत होतं, तर फोटो पाठवायला नको होता. पण त्यांनी तो पाठवला. बन्सीलाल यांनी मोठा करून आणलेला फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि खाली लावायच्या पट्टीवर स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं, "पावसात विसावलेला." हे कुणी त्यांच्याकडून करवून घेतलं नाही. मी टेबलावर होतो. मी पाहिलं.

पहिलं बक्षीस मिळालं. कॉलेजात सत्कार झाला. 'ए गिरधर'चे 'गिरधरराव' झाले. प्राध्यापकांच्या खोलीत त्यांना खुर्ची देऊन चहा दिला गेला, आणि बशा दुसऱ्याने उचलल्या. मुलं मला बघायला येत. "एवढासा डब्याचा तुकडा!" म्हणत. कुणीतरी विचारी, "पण तो इतका स्वस्थ कसा बसला?"

"धीर धरावा लागतो," गिरधर सांगत.

सगळ्यात जास्त आनंद विशाखाला झाला. ती तेव्हा धुळ्याला होस्टेलवर राहून डी.एड. करत होती. तिचं पत्र आलं. "नाना, इथे मी सगळ्यांना सांगितलं की माझे वडील रात्रभर चिखलात बसून राहिले, तेव्हा कुठे त्या बेडकाला त्यांची ओळख पटली आणि तो पळाला नाही." लिलाबाईंनी पत्र मोठ्याने वाचलं. गिरधर उठून अंगणात गेले आणि भरलेल्या बादलीत आणखी पाणी ओतत राहिले.

जानेवारीत मंदाबाई डोळ्यांच्या तपासणीला जळगावला आल्या. भिंतीवर तो फोटो होता. त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि चष्मा वर-खाली करत पाहू लागल्या.

"गिरधर भाऊ, हाऊ तं मरेल शे."

मेलेला आहे, म्हणाल्या त्या.

"जित्ता बेडूक पाय पोटखाले लेस. त्याले उडानं राहस ना! याना मांगला पाय दखा, वल्ला फडकागत पडेल शे. खाले काय लिखेल शे? वाची दखाडा."

"पावसात विसावलेला," गिरधर यांनी वाचलं.

"विसावना!" मंदाबाई हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. "माले वाचता येत नही, म्हनीसन मी बेडूकले दखं. तुम्ही शिकेल लोके बठ्ठा पाटी वाचतस."

"अक्का, खरं आहे," गिरधर म्हणाले. "तुमच्याच शेतावरचा. माझ्या हातून गेला."

"मंग तसं लिखानं ना भाऊ." एवढं बोलून त्यांनी लिलाबाईंकडे चहा मागितला आणि डोळ्यात घालायच्या औषधाबद्दल बोलू लागल्या.

त्या रात्री लिलाबाई म्हणाल्या, "निदान विशाखाला तरी सांगा."

"तिने सगळ्या होस्टेलला सांगितलंय. तिच्या तोंडातला घास कसा काढून घेऊ?"

"तो घास नासका आहे."

"माहीत आहे मला. पण लिला, बाप म्हणून माझ्यापाशी तिला मिरवायला दुसरं काय आहे? बेडकाचं पोतं?"

लिलाबाईंनी दिवा मालवला.

फेब्रुवारीच्या शेवटी विशाखाने त्यांना धुळ्याला बोलावलं. ज्या शाळेत ती पाठ घ्यायला जात असे, तिथे विज्ञान प्रदर्शन होतं. "मुलांना फोटो दाखवा, तुमचा तो तुकडा दाखवा, कसं केलं ते सांगा. माझ्या मैत्रिणीही येणार आहेत." गिरधर यांनी इस्त्री केलेला सदरा घातला. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला, मला रुमालात.

शाळेच्या सभागृहात पाचवी-सहावीची दीडशे मुलं जमिनीवर बसली होती. विशाखा पहिल्या खुर्चीवर, शेजारी तिच्या मैत्रिणी आणि शिक्षिका. तिने वडिलांची ओळख करून दिली. रात्रभर चिखलात बसण्याची गोष्ट तिने पुन्हा सांगितली, पत्रातल्यापेक्षा छान. टाळ्या वाजल्या. गिरधर यांनी मला वर धरलं, फ्लॅशवर बसवलं, एकदा माझ्याविना आणि एकदा माझ्यासह उजेड पाडून दाखवला. मुलं खूश झाली. सगळं पार पडलं होतं. आभार मानायचे तेवढे राहिले होते.

तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलीने हात वर केला. दोन वेण्या, एकीची रिबन सुटलेली.

"काका, फोटो काढून झाल्यावर तो बेडूक कुठे गेला?"

"उडून गेला असेल ना, येडे!" मागून एक मुलगा म्हणाला. सगळे हसले.

बस, तेवढंच म्हणायचं होतं. हो, उडून गेला. मुलाने उत्तर त्यांच्या हातात आणून दिलं होतं. मी त्यांच्या मुठीत होतो. त्यांनी एकदा विशाखाकडे पाहिलं. ती हसत होती.

"नाही बाळ," गिरधर म्हणाले. "तो उडाला नाही. फोटोत आहे तो मेलेला आहे. मी त्याला बर्फात ठेवलं, जास्त वेळ ठेवलं, आणि तो मेला. रात्रभर धीर धरला वगैरे काही झालं नाही. मला धीर धरता आला नाही, म्हणून तो मेला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या मुलीलाही नाही. तिने जे सांगितलं, ते तिला खरं वाटत होतं."

मग रिबन सुटलेल्या मुलीने विचारलं, "मग तुम्ही रडलात का?" मुख्याध्यापिका घाईने उठल्या आणि आभार मानू लागल्या.

पुढे काय व्हायचं ते झालं. गिरधर यांनी बक्षिसाची ढाल परत केली. बन्सीलाल भडकले. "फोटोखाली माझ्या स्टुडिओचं नाव आहे. मला विचारून मारलास का बेडूक? मग मला न विचारता कबूल कसं केलंस?" सहा महिने ते बोलले नाहीत. कॉलेजात हसू झालं. "अहो, आपण वर्षाला दोनशे कापतो, त्यांचीही माफी मागा आता!" गिरधर यांनी अर्ज करून आपली बदली ग्रंथालयात करून घेतली. 'गिरधरराव' पुन्हा 'ए गिरधर' झाले.

तुम्हाला वाटेल, खरं बोलल्यावर त्यांचं मन हलकं झालं असेल. तसं काही झालं नाही. पहिल्या शीलाला ते थांबायचे, ते पुढेही कितीतरी महिने थांबत राहिले. फक्त एक झालं. पुढच्या पावसाळ्यात लिलाबाईंनीच छत्री काढली आणि म्हणाल्या, "चला." त्या वर्षी छोट्या बेडकाचा जो फोटो निघाला, त्यात बेडूक नाही. गवताचं एक पातं आहे, नुकतंच हललेलं, आणि त्यावरून उडालेले चार थेंब. तो फोटो त्यांनी भिंतीवर लावला. येणारा विचारी, "यात काय आहे?" गिरधर म्हणत, "उशीर झाला मला." आणि त्यांना ते सांगायला आवडत असे.

मग त्यांची दृष्टी मंदावली, गुडघे दुखू लागले. मी पिशवीत, पिशवी पेटीत. माझ्यावर धूळ बसली, मी पिवळा पडत गेलो. १९९६ च्या श्रावणात गिरधर गेले. दुखणं चार दिवसांचं होतं. लिलाबाईंनी पेटी उघडली नाही. दोन वर्षांनी ती विशाखाने उघडली.

ती आता धुळ्याच्याच एका शाळेत शिकवते. मागच्या आठवड्यात तिने मला वर्गात नेलं. ओलं वांगं नेलं, बॅटरी नेली, खिडक्या लावून मुलांना उजेड मऊ कसा होतो ते दाखवलं. मग तिने बर्फाची गोष्ट सांगितली. मंदाबाईंचं बोलणं सांगितलं. वडील सभागृहात उभे राहून काय बोलले, ते शब्दाला शब्द सांगितलं. तिचा आवाज एकदाही हलला नाही. पण गोष्ट तिने सभागृहापाशीच संपवली. त्यानंतरचं ती बोलली नाही. ते तिला जमलं नाही, म्हणून मी सांगतो. मी तेव्हा गिरधर यांच्या सदऱ्याच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत होतो.

सभागृहातून दोघं धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर आली. जळगावची गाडी लागली होती. गिरधर खिडकीशी बसले. विशाखा खाली उभी होती.

"नाना, एवढं सांगायची काय गरज होती?" ती म्हणाली. "एका बेडकासाठी? माझ्या सगळ्या मैत्रिणी होत्या तिथे. उद्या मी त्या शाळेत कशी जाऊ?"

"तिने विचारलं ना," गिरधर म्हणाले.

"लहान मुलगी आहे ती. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं."

गिरधर यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला खालून कळलं नाही. ते म्हणाले, "तू जेवलीस का?"

गाडी हलली तेव्हा गिरधर यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. तिने हलवला नाही. ती वळून चालू लागली. स्टँडच्या कमानीबाहेर गाडी पडेपर्यंत गिरधर यांचा हात बाहेरच होता. मग त्यांनी तो आत घेतला आणि खिशावर ठेवला. माझ्यावर. पारोळा येईपर्यंत तो तिथेच होता.

पुढे पाच वर्षं बापलेक भेटत, बोलत, हसतही. त्या दिवसाबद्दल दोघांनीही कधी शब्द काढला नाही. मग गिरधर राहिले नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून माझ्यासारखे सगळे आपली गोष्ट संपवतात. मला जपलं नाहीत तरी चालेल. पण कधी तुमच्या घरातलं माणूस स्वतःहून उभं राहून म्हणेल, "हे माझ्या हातून झालं," आणि तुमची मान खाली जाईल. जाऊ द्या. फक्त त्याची गाडी सुटेपर्यंत तिथे थांबा, आणि त्याने हात हलवला तर तुम्हीही हलवा.